दोन सेकंदांचा ठोंब्या

लेक : पण बाबांच्या बुद्धिबळात काहीच फरक पडलेला नाही, आई. मघापासून तेच सांगतेय मी.

आई : खेळाचं राहू दे. उद्या औषधांचं दुकान उघडायचं नाही.

लेक : एका चुकीसाठी?

आई : त्या एका चुकीने माणूस हातात कात्री घेऊन खाली पडला.

लेक : शिंपीकाका दवाखान्यातून घरी आलेत ना पण? बरे आहेत ना?

आई : बरे आहेत. बायको आली, पाकीट काउंटरवर ठेवलं. म्हणाली, 'डॉक्टरांनी पाचाच्या गोळ्या लिहिल्या होत्या, या पंचवीसच्या आहेत.' एवढंच. आणि गेली. ओरडली असती तर बरं झालं असतं.

लेक : बाबा काय म्हणाले?

आई : चष्मा वर केला. पाकीट वाचलं. परत वाचलं. मग म्हणाले, 'हे माझं नाही.' वर अक्षर त्यांचंच. सकाळी एक, रात्री एक.

लेक : हळू बोल. उठतील.

आई : जेवून आडवे झालेत. चहाची भांडी वाजल्याशिवाय उठत नाहीत.

लेक : हे बघ, इतक्या वर्षांत त्यांच्या हातून किती औषधं गेली असतील? त्यातलं एक चुकलं. वाईट झालं, मी नाही म्हणत नाही. पण त्याला उपाय असतो. मी रजा वाढवून घेते. काउंटरवर त्यांच्या शेजारी उभी राहते. प्रत्येक पाकीट दोघांनी वाचायचं. आमच्या प्रयोगशाळेत असंच असतं. एकाने वजन घ्यायचं, दुसऱ्याने बघायचं, मग सही.

आई : आणि तुझी रजा संपली की?

लेक : तोवर कळेल ना, चूक होती की आणखी काही.

आई : मला कळलंय.

लेक : तुला वाटतंय, आई. वाटणं वेगळं.

आई : गेल्या वर्षी अर्धं शटर धरून उभे होते रस्त्यात. मी भाजी घेऊन येत होते. म्हटलं, काय झालं? म्हणाले, 'काही नाही.' मी म्हटलं, उघडताय की बंद करताय? तर माझ्याकडे बघून हसले. मी पिशवी खाली ठेवली आणि त्यांच्याबरोबर शटर वर ढकललं. सकाळ होती म्हणून.

लेक : माहितेय मला. त्याच दिवशी फोन केला होतास. म्हणून तर आपण मोजायचं ठरवलं.

आई : तू ठरवलंस. मी डॉक्टरांकडे नेते म्हणत होते.

लेक : मी म्हटलं, आधी नीट बघू.

आई : 'आई, घरच्या माणसाला घरचं माणूस मोजू शकत नाही. ठोंब्याला मोजू दे.' असं म्हणालीस.

लेक : मग? बरोबरच आहे ते. ठोंब्या हा बुद्धिबळाचा प्रोग्रॅम आहे, तो म्हातारा होत नाही. त्याला सर्दी होत नाही. बाबांना वाईट वाटेल म्हणून तो मुद्दाम हरत नाही. कॉलेजात लिहिला तेव्हा होता तसाच आहे, एक अक्षर बदललेलं नाही मी. आमच्याकडे काचेखाली एक प्रमाणवजन ठेवलेलं असतं, त्याच्याशी बाकीची वजनं ताडून बघतात. ठोंब्या म्हणजे ते वजन. बाबा त्याच्याशी रोज एक डाव खेळतात. वर्षापूर्वी निम्मे जिंकायचे, आता निम्म्याहून थोडे जास्तच जिंकतात. डोकं चालेनासं झालं असतं तर हे झालं असतं का? तूच सांग.

आई : मला काय कळतंय त्यातलं.

लेक : मी रोज फोनवर विचारते ते उगाच का? निकाल घसरला असता तर मी स्वतः येऊन घेऊन गेले असते त्यांना डॉक्टरांकडे. घसरला का?

आई : नाही घसरला.

लेक : नाही ना?

आई : नाही.

लेक : थांब, लॅपटॉपवर तुला दाखवतेच. कालचा डाव बघ. जिंकलेत ना काल? हे बघ, इथे. तुला खेळ येत नसला तरी एवढं बघ. हा बाबांचा घोडा. असा उघड्यावर आणून ठेवलाय, खा म्हणून. ठोंब्याने वजिराने तो खाल्ला. आणि इथून पाच खेळ्यांत ठोंब्याचा राजा कोपऱ्यात. ज्याचं डोकं चालत नाही तो असा घोडा सोडेल?

आई : छान आहे.

लेक : बघितलंसुद्धा नाहीस तू.

आई : बघितलं गं. घोडा. दुकानातला पांढरा कोट कुठे टाकलास त्यांचा?

लेक : खुर्चीच्या पाठीवर आहे. आता गंमत बघ. हाच पट ठोंब्याला परत देते. तो काय, आंधळा आहे. त्याला काल आणि आज सारखंच. तोच पट, तेच दोन सेकंद, तीच खेळी खेळणार... अं?

आई : काय झालं?

लेक : घोडा खाल्ला नाही. हत्ती हलवला. थांब, परत देते.

आई : दे.

लेक : नाही खात. परत हत्तीच. हे असं व्हायला नको. ही खेळी बरोबर आहे, बरं का. हत्ती हलवला की बाबांचा घोडा फुकट जातो. मग काल का नाही खेळला तो ही? तोच प्रोग्रॅम, तोच लॅपटॉप.

आई : सरक जरा. कोटाला इस्त्री करायचीय.

लेक : इथे?

आई : या खोलीत प्लग एकच आहे. लॅपटॉपची वायर काढते.

लेक : काढ, बॅटरी आहे. मी आणखी एकदा देऊन बघते. काहीतरी माझंच चुकतंय. तोच पट, दोन सेकंद... खाल्ला.

आई : घोडा?

लेक : खाल्ला. वजिराने. आई, इस्त्री लावू नकोस. वायर लाव परत.

आई : लावली.

लेक : हत्ती. आता काढ.

आई : काढली.

लेक : खाल्ला. लाव.

आई : किती वेळा?

लेक : लाव ना. खाली हा आकडा दिसतोय? एका सेकंदात त्याने किती पट तपासले, तो आहे हा. वायर काढली की तिसरा हिस्सा राहतो. लॅपटॉप बॅटरी वाचवायला स्वतःचा वेग कमी करतो. म्हणजे आतला प्रोसेसर, जो सगळा हिशोब करतो, तो. वायर असली की धावतो, काढली की चालतो. सेटिंगच असते तशी, कंपनीतून येतानाच. आणि मी ठोंब्याला सांगून ठेवलंय की प्रत्येक खेळीला दोन सेकंद विचार कर. सेकंद दोनच. पण त्यात धावून सहा खेळ्या पुढचं दिसायचं, तिथे चालून चारच खेळ्यांचं दिसतं. त्याच्या पुढे बाबांनी काय लावून ठेवलंय ते दिसतच नाही. मग खातो घोडा.

आई : म्हणजे गॅस बारीक केला. घड्याळ तेच, पण भाजी कच्ची.

लेक : हो. अगदी तेच.

आई : मग बरोबर.

लेक : काय बरोबर? आई, तू रोज इथेच इस्त्री करतेस?

आई : रोज. रात्री ते जेवून खेळायला बसतात, मी दुसऱ्या दिवसाचा कोट करते.

लेक : म्हणजे रोज वायर निघते. म्हणजे वर्षभर... बाप रे. वर्षभर बाबा अर्धवट ठोंब्याशी खेळतायत. आणि मी म्हणतेय निकाल तसाच आहे. वजन हलकं झालं आणि मी म्हणतेय तागडी सरळ आहे. तरी बरं, हे चुकून झालं. कोणाच्या लक्षात येणार? इस्त्रीसाठी...

आई : आधी इस्त्रीसाठीच काढली.

लेक : आधी म्हणजे?

आई : आधी म्हणजे आधी.

लेक : आई.

आई : पहिले काही दिवस ओळीने हरत होते. हरले की जेवायचे नाहीत. म्हणजे डाव आधी असायचा तेव्हा, जेवण नंतर. ताट वाढलेलं, हे पटाकडे बघत बसलेले. आमटी दोनदा गरम करायची. एक दिवस मी वायर काढली, कोट करून घेतला, तर जिंकले. गुणगुणत हात धुतले. दुसऱ्या दिवशी इस्त्री नव्हती, वायर होती, तर हरले. मग मी थोडे दिवस काढून बघितली, थोडे दिवस लावून बघितली.

लेक : ठरवून?

आई : ठरवूनच. तूच शिकवलंस ना, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. कोपऱ्यातली चार्जिंगची हिरवी खूण गेली की जास्त वेळा जिंकतात. मग मी जेवण आधी केलं आणि डाव नंतर. आणि वायर काढायला लागले.

लेक : आत्तासुद्धा मुद्दाम काढलीस?

आई : तुला सांगितलं असतं तर पटलं नसतं. तुला दिसावं लागतं.

लेक : पण का? एका जेवणासाठी?

आई : गरम जेवणासाठी. आणि ते हरले की फोनवर तुझा आवाज बदलायचा. नर्ससारखा व्हायचा. 'बरं, किती खेळ्यांत हरले?' मला तो आवाज नको होता घरात. एवढंच. पुढचं काही डोक्यात नव्हतं. शिंपीण आली तेव्हा आलं.

लेक : मला सांगायचंस तरी.

आई : काय सांगू? की मी प्लग काढते म्हणून तुझा बाप शहाणा आहे?

लेक : एक वर्ष गेलं, आई.

आई : हो.

लेक : डॉक्टर म्हणतील, आधी का नाही आणलंत.

आई : म्हणतील.

लेक : खरं तर चूक माझी आहे. आम्ही साधं वजन घेतानासुद्धा आधी खोलीचं तापमान लिहितो. दार उघडं असेल तर थांबतो. आणि घरी मी वायर बघितली नाही. मी त्याला सेकंद बांधून दिले. पट बांधून द्यायला हवे होते. प्रत्येक खेळीला इतकेच पट बघ, मग वेळ किती का लागेना. मग वायर असती-नसती, तो सारखाच खेळला असता. एका ओळीचा बदल होता.

आई : तू सेकंद दिलेस, मी गॅस बारीक केला. झालं.

लेक : मला राग यायला हवा ना? तुझा?

आई : येईल सावकाश.

लेक : काहीच वाटत नाहीये.

आई : माझंही तसंच आहे, शिंपीण येऊन गेल्यापासून. भांडी घासते, झाडून काढते. मधेच लक्षात येतं की नळ चालूच आहे. चहा टाकू?

लेक : टाक.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

बाबा : तुम्ही दोघी इतक्या हळू बोलताय म्हणजे विषय मी आहे. बोला, बोला. मी ऐकू येत नसल्यासारखं करतो.

आई : उठलात? चहा टाकतेय.

बाबा : टाक. आणि उद्याचा कोट झाला का?

आई : नाही अजून.

बाबा : ही तपासनीस काय करतेय माझ्या खुर्चीत? ठोंब्याला उघडलंय? आज दुपारीच?

लेक : बसा ना, बाबा. खेळायचं का एक डाव? मी बघते.

बाबा : तू बघणार म्हटल्यावर ठोंब्या घाबरेल. सरक. शिंप्याला बरं आहे ना गं?

आई : घरी आलेत. काल दारात बसले होते.

बाबा : बरं झालं. जाऊन यायला हवं एकदा. हा आज घों घों करतोय. वायर लावलीय वाटतं.

लेक : काय म्हणालात?

बाबा : वायर लावली की याच्या पोटातला पंखा फिरतो. काढली की गप्प. तुला माहीत नाही? तूच जन्माला घातलंस ना याला?

लेक : बाबा, तुम्हाला माहीत होतं? वायर काढली की तो कच्चा खेळतो ते?

बाबा : पंखा थांबला की हा मूर्खासारखा खेळतो, एवढं कळायला शिकावं लागतं का? तुझी आई इस्त्री घेऊन आली की मी ओळखायचो, आता आला दिवस आपला. कधी तिला उशीर झाला तर मी सुरुवातीच्या खेळ्या लांबवायचो. त्या काय, पाठच असतात. नाकावर बोट ठेवून बसायचं, विचार करतोय असं दाखवायचं.

आई : म्हणून रोज मला हाक मारायचात? 'अगं, कोटाचं बघ' म्हणून?

बाबा : कोट चुरगळलेला चालत नाही मला.

लेक : पण कशासाठी, बाबा? खोटं जिंकून काय मिळतं?

बाबा : एरवी वाढदिवस विसरणारी पोर वर्षभर रोज फोन करते आणि पहिलं काय विचारते? 'आज कोण जिंकलं?' मला काय इतका खुळा समजलात? मी आयुष्यभर लोकांचा ताप बघत आलोय. मला कोणी थर्मामीटर लावला तर कळत नाही?

लेक : मग तुम्ही सांगायचंत.

बाबा : थर्मामीटर तोंडात असताना बोलायचं नसतं. चल, सुरू करू. वायर असू दे. तू आलीयेस तर होऊन जाऊ दे खरं खरं.

लेक : बाबा, एका डावाने काही सिद्ध होत नाही. जिंकलात तरी नाही, हरलात तरी नाही.

बाबा : सिद्ध करायला कोण बसलंय? मी खेळायला बसलोय. हे बघ, प्यादं. हा लगेच उत्तर देतो आज. वायर आहे ना. घोडा बाहेर. उंट बाहेर. किल्लेकोट करून राजाला हत्तीच्या आड घेतो आधी, दार लावल्याशिवाय मला झोप येत नाही.

आई : चहा घ्या. पटावर सांडू नका.

बाबा : पट काचेत आहे, बाई. सांडला तर ठोंब्या पिईल. बघ, हा वजीर घेऊन आला. घाई. तुझ्यावर गेलाय.

लेक : वायर असताना तो इथे फसत नाही, बाबा. तुम्ही घोडा सोडलात तर तो खाणार नाही.

बाबा : म्हणूनच घोडा सोडणार नाही. जो बघतो त्याला सापळा लावायचा नसतो. त्याला कंटाळा आणायचा असतो. मोहरी बदलून घ्यायची, वजिराला वजीर, हत्तीला हत्ती, आणि पट रिकामा करत आणायचा. मग उरतात राजे आणि प्यादी. तिथे तुझा ठोंब्या सहा खेळ्या बघतो आणि मला वीस खेळ्या बघाव्याच लागत नाहीत. मला माहीत असतं, कोणतं प्यादं पोचणार ते. शिंप्याचं काही कळलं का गं?

आई : घरी आलेत. काल दारात बसले होते.

बाबा : बरं झालं. जाऊन यायला हवं एकदा. काय गं, तू का अशी बघतेयस?

लेक : काही नाही. तुमची खेळी आहे.

बाबा : माझीच आहे. हा घे वजीर, दे वजीर. बघ, दिला. आता गंमत. पंखा कितीही फिरव म्हणावं.

लेक : बाबा, हे छान खेळताय तुम्ही.

बाबा : तू लहान होतीस तेव्हा मला इथेच हरवायचा प्रयत्न करायचीस. डावीकडचं प्यादं विसरायचीस. ठोंब्यापण विसरतोय. आईवर असता तर विसरला नसता.

आई : मला ओढू नका त्यात.

बाबा : पोचलं. बघ. प्यादं पोचलं. आता झाला वजीर. काय लिहिलंय त्याने?

लेक : 'हरलो. परत मांडता?'

बाबा : तूच लिहून ठेवलंयस ते. चांगलं वळण लावलंयस पोराला, हरल्यावर रडत नाही.

लेक : आई, जिंकले. वायर लावलेली असताना. पूर्ण वेगाने चालत होता तो. शेवटपर्यंत चालत होता, मी आकडा बघत होते.

आई : बघितलं मी.

लेक : कोणीही काही केलेलं नाही. इस्त्री नाही, काही नाही. म्हणजे... बाबा, इतकं शांतपणे... मी आत्ता तुमच्याशी असं खेळू शकले नसते.

बाबा : अगं, यात काय एवढं. हात चालतो आपोआप. बरं, मला एक सांगा, शिंप्याला बरं आहे ना? जाऊन यायला हवं एकदा.

आई : घरी आलेत.

लेक : थांब, आई. बाबा.

बाबा : काय?

लेक : हे तुम्ही तिसऱ्यांदा विचारलंत.

बाबा : कधी?

लेक : आत्ताच. बसताना एकदा, मग वजीर बदलायच्या आधी एकदा.

बाबा : आणि काय सांगितलंत तुम्ही?

लेक : घरी आलेत. काल दारात बसले होते.

बाबा : दारात. बरं झालं. नाही आठवत मला.

आई : चहा गार झाला तुमचा. दुसरा आणू?

बाबा : नको. गारच दे. ते पाकीट माझंच होतं, नाही का?

आई : हो.

बाबा : अक्षर बघितलं मी तेव्हा. माझंच वाटत होतं. पण लिहिल्याचं आठवेना, मग म्हटलं, माझं नसेल. तपासनीस, हे तुझ्या मापात येतं का?

लेक : नाही. मी वेगळंच काहीतरी मोजत होते, बाबा. ठोंब्याचा वेग बरोबर धरला असता तरी हे दिसलं नसतं. खेळ तुमच्याकडे आहे अजून. मी नको तिथे वजन ठेवलं.

बाबा : वाईट वाटून घेऊ नकोस. थर्मामीटर चांगला होता. दुखत होतं पायाला, एवढंच.

लेक : उद्या डॉक्टरांकडे जाऊया का?

बाबा : जाऊ. सकाळीच जाऊ, दुकान... हं. सकाळीच जाऊ. किल्ली कोटाच्या खिशात आहे. डाव्या.

आई : रोज काढून ठेवते मी इस्त्रीच्या आधी.

बाबा : ती हिला दे. बाहेर 'दुकान बंद'ची पाटी कोणाच्या अक्षरात लावायची ते तुम्ही ठरवा. माझ्या नको. आणि शिंप्याकडे मी जाणार. आज. तू बरोबर चल. वाटेत मी परत विचारलं तर सांग, पण त्याच्यासमोर नको.

लेक : बरं.

बाबा : आता काय लिहिलंय यावर? 'परत मांडता?' मांड. ऊन उतरेपर्यंत एक डाव होतो. तू खेळ. माझ्याशी नाही, माझ्या बाजूने. मी नुसतं सांगतो, चुकतेस कुठे ते.

लेक : वायर असू दे?

बाबा : काढ. पंख्याचा आवाज डोक्यात जातो. आता कुठे मोजायचंय काही.

आई : काढतेच आहेस तर इस्त्री लावते मी. आज कोट नाहीये, लवकर होईल.